साधे इंजिन की टर्बो: रोजचे सहा किलोमीटर आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात कोथरूडला राहणारे एक गृहस्थ चार मीटरच्या आतली नवी पेट्रोल गाडी घेत आहेत. त्यांनी पसंत केलेल्या गाडीत दोन इंजिने मिळतात, १.२ लिटरचे साधे आणि १ लिटरचे टर्बो, आणि दोन्हींच्या किमतीत साधारण लाखाचा फरक आहे. कार्यालय घरापासून सहा किलोमीटरवर आहे. महिन्यातून एकदा उंब्रज, पाटण, कोयनानगर या मार्गाने, कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणजवळच्या गावी फेरी होते. तेव्हा गाडीत चार माणसे असतात आणि परतताना तांदूळ, नारळ, हंगामात आंब्याच्या पेट्याही. अडुसष्ट वर्षांचे वडील शहरात हीच गाडी चालवणार आहेत. गाडी दहा-बारा वर्षे ठेवायची आहे, पण गिअर हाताचे घ्यावेत की ऑटोमॅटिक, हे अद्याप ठरलेले नाही. शेवटी त्यांनी विचारले आहे, की टर्बो लवकर खराब होतो असे सगळे सांगतात, ते कितपत खरे?

मी सव्वीस वर्षे इंजिनांचे काम करतो आहे. त्यातली पहिली दहा-बारा वर्षे डिझेल गाड्यांत गेली, त्यामुळे टर्बो ही वस्तू माझ्यासाठी नवलाईची नाही. पेट्रोल गाड्यांत ती सर्रास दिसू लागली तेव्हा मात्र मलाही काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या, आणि त्यातली एक स्वतःच्या चुकीतून शिकलो. तिचा उल्लेख पुढे येईल.

इंजिनाकडे वळण्यापूर्वी आपल्या वापराचा हिशेब एकदा वेगळ्या तऱ्हेने मांडून पाहावा, अशी विनंती आहे. कार्यालयाचे जाणे-येणे बारा किलोमीटर आणि वर्षाचे कामाचे २८० दिवस धरले, तर शहरातला वापर ३४०० किलोमीटरच्या आत राहतो. गावची फेरी जाऊन-येऊन सुमारे ४६० किलोमीटरची, म्हणजे वर्षाला साडेपाच हजार. किलोमीटर पाहिले तर आपली गाडी मुख्यतः महामार्गावरची ठरते. पण इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत. आपण थंड इंजिन किती वेळा सुरू केले, तेल नीट तापण्याआधी किती वेळा बंद केले आणि पूर्ण भाराने ते किती मिनिटे चालले, एवढेच त्याला कळते. त्या मापाने आपल्या वर्षात ५६० छोट्या फेऱ्या आहेत आणि लांबच्या फक्त २४. हे दोन आकडे समोर ठेवूनच पुढचे सगळे वाचावे.

साध्या इंजिनात पिस्टन खाली सरकतो, सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब ती पोकळी भरून काढतो. हवा आत ढकलणारे दुसरे काही नसते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा भरतो, म्हणून ११९७ घनसेंटीमीटरचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर जास्तीत जास्त ११९७ लिटर हवा घेऊ शकते, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच घेते. जेवढी हवा, त्याच प्रमाणात पेट्रोल, आणि तेवढीच शक्ती. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे इथली हवा मुंबईच्या मानाने पाचेक टक्के विरळ असते. महाबळेश्वरला, म्हणजे साधारण १३५० मीटरवर, ही तूट बारा टक्क्यांच्या घरात जाते आणि लेहला तीस टक्क्यांच्या आसपास. साध्या इंजिनाला ही तूट निमूटपणे सोसावी लागते.

टर्बोमध्ये एरवी सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम वायू एका छोट्या चक्रावर सोडलेला असतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरू शकतो. दाबलेली हवा तापते, म्हणून वाटेत इंटरकूलर बसवून तिला थंड करतात, आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून जादा वायूला बगल देणारी झडप असते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. प्रवासी मोटारीत ती पहिल्यांदा आली १९६२ साली, अमेरिकेत. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत ती का शिरली, याचे कारण मात्र बरेचसे करांत आहे. चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० घनसेंटीमीटरच्या आतले पेट्रोल इंजिन असेल तरच गाडी छोटी समजली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापलीकडच्या गाडीवर ४० टक्के. इंजिन मोठे करता येत नसेल, तर आहे त्याच इंजिनात हवा कोंबायची, हा साधा व्यवहार आहे. त्यात एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर छोटी डिझेल इंजिने एकेक करून बंद होत गेली आणि डिझेलच्या ओढीची सवय लागलेले गिऱ्हाईक टर्बो पेट्रोलकडे वळले.

आता ओढीबद्दल. जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण आपल्या उपयोगाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराचा, आहे, आणि त्याहीपेक्षा तो टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो याचा. ह्युंदाई व्हेन्यूचे उदाहरण घेऊ, कारण तिच्यात दोन्ही इंजिने मिळत आली आहेत. १.२ लिटरचे साधे इंजिन ८३ अश्वशक्तीचे आहे आणि त्याचा ११४ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० फेऱ्यांवर येतो. १ लिटरचे टर्बो इंजिन १२० अश्वशक्तीचे आहे आणि त्याचा १७२ न्यूटन-मीटर टॉर्क १५०० फेऱ्यांपासून ४००० पर्यंत सलग मिळतो. २००० फेऱ्यांवर टर्बोकडून सुमारे ४९ अश्वशक्ती मिळते. साध्या इंजिनाचा टॉर्क त्या ठिकाणी १०० न्यूटन-मीटरच्या आसपास धरला, तर २८ अश्वशक्ती हाती येते. तेवढीच ४९ मिळवायला साध्या इंजिनाला सव्वातीन हजारांच्या आसपास फिरावे लागते. सगळ्याच गाड्यांत अंतर इतके रुंद नसते. मारुती फ्राँक्समध्ये साधे इंजिन ९० अश्वशक्ती आणि ११३ न्यूटन-मीटरचे, तर टर्बो १०० अश्वशक्ती आणि १४७.६ न्यूटन-मीटरचे आहे. तिथे लाखभर रुपये कशासाठी देतो आहोत, हे अधिक बारकाईने पाहावे लागते.

हे आकडे आपल्या कुंभार्ली घाटात नेऊन पाहू. गाडी अकराशे किलोची, माणसे आणि सामान चारशे किलो, एकूण दीड टन. चढ शंभर मीटरला आठ मीटरचा आणि वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर केवळ हे वजन उचलायला सव्वासोळा किलोवॉट लागतात. टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि गिअरबॉक्समधली गळती मिळवली की आकडा बावीसवर जातो, आणि एसीचे दोन-अडीच किलोवॉट धरले की इंजिनाने सुमारे २५ किलोवॉट, म्हणजे ३४ अश्वशक्ती द्यायला हवी. तिसऱ्या गिअरमध्ये या वेगाला इंजिन साधारण २२०० ते २४०० फेऱ्यांवर असते. तिथे साध्या इंजिनाकडे, ॲक्सिलरेटर तळाला टेकवल्यावर, जेमतेम तेवढीच शक्ती असते. म्हणजे सरळ चढावर गाडी कशीबशी वेग टिकवते आणि पुढे मालट्रक आला किंवा वळण लागले, की दुसरा गिअर टाकावाच लागतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ४००० फेऱ्यांवर ओरडू लागते आणि मागच्या बाकावरून विचारणा होते, की गाडीला काही झाले का. काही झालेले नसते. साधे इंजिन घाटात असेच चालवायचे असते. पूर्वी छोट्या गाड्या खंबाटकी चढताना लोक न सांगता एसी बंद करीत, त्याचे गणितही हेच. टर्बोच्या गाडीकडे त्याच जागी, त्याच गिअरमध्ये मागणीच्या दीडपटीहून अधिक शक्ती हाताशी असते. चालक गिअर न बदलता ट्रकच्या पुढे निघून जातो. टर्बोचे खरे सुख हे आहे, आणि त्याचा संबंध वेगापेक्षा बेताने आणि निर्धास्तपणे ओव्हरटेक करण्याशी जास्त आहे. येण्याजाण्याला एकेकच पदर असलेल्या घाटात समोरून येणाऱ्यांच्या बाजूला कमी वेळ राहावे लागणे ही सुरक्षिततेचीही बाब आहे, आणि मी ती हलकी मानीत नाही.

पण आपल्याला घाट महिन्यातून एकदाच चढायचा आहे. उरलेला महिना कोथरूडच्या कर्वे रस्त्यावरची गर्दी आहे.

तिथे चित्र उलटते. १५०० फेऱ्यांच्या खाली टर्बोच्या चक्राला पुरेसा वायू मिळत नाही आणि तेवढ्या वेळेपुरते ते नुसते एक लिटरचे, तीन सिलिंडरचे इंजिन असते. सिग्नल सुटला, क्लच सोडला, गाडी क्षणभर रेंगाळली आणि मग एकदम पुढे झेपावली, हा अनुभव नव्या टर्बो चालकांना येतो. ते मग क्लच अर्धवट दाबून फेरे वाढवू लागतात आणि दोन-तीन वर्षांत क्लचप्लेट बदलायला माझ्याकडे येतात. अलीकडच्या गाड्यांत हा विलंब बराच कमी झाला आहे, तरी तो संपलेला नाही. साध्या इंजिनात पाय जितका दाबावा तितकी गाडी पुढे जाते. त्यात दम कमी असेल, पण लहर नसते. आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला गर्दीत हा सरळपणा फार उपयोगी पडतो, असे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

ॲव्हरेजच्या बाबतीत कंपन्यांचे आकडे फसवे नसतात, पण अपुरे असतात. फ्राँक्समध्ये हाताच्या गिअरच्या दोन्ही इंजिनांचे जाहीर आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, दोन्ही एकवीस आणि बावीसच्या मध्ये. प्रयोगशाळेतल्या चाचणीत पाय हलका असतो आणि हलक्या पायाला छोटे इंजिन खरोखरच कमी पितेही. पण टर्बोवर दाब आला की इंजिन जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल मागते, आणि भार फार वाढला तर आतले तापमान खाली ठेवण्यासाठी गरजेपेक्षा थोडे अधिक पेट्रोलही सोडले जाते. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या अनुभवावरून, पुण्याच्या गर्दीत टर्बो साध्यापेक्षा लिटरमागे एक ते दीड किलोमीटर कमी देते. महामार्गावर ताशी ऐंशी-नव्वदने चालवली तर दोन्ही सारख्याच, किंवा टर्बो थोडी पुढे. साडेबारा आणि चौदा असा फरक अगदी वर्षभराच्या ९००० किलोमीटरवर धरला, तरी वर्षाला ७७ लिटर होतात, म्हणजे आठ हजार रुपयांच्या आसपास. निर्णय फिरावा एवढी ही रक्कम नाही. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल दोघांचेही ॲव्हरेज थोडे खाते, कारण इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी असते. त्याचा ऑक्टेन आकडा, म्हणजे दाबाखाली आपोआप पेट न घेण्याचे माप, मात्र जास्त असल्याने दाबावर चालणाऱ्या इंजिनाला त्यात तोटाच आहे असे नाही. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप आणि रबर या इंधनाला धरून केलेले असतात, त्यामुळे नव्या गाडीसाठी ती चिंता करू नये.

आता टिकाऊपणाबद्दल, कारण आपला मूळ प्रश्न तोच आहे.

टर्बो आपणहून क्वचितच मरतो. त्याला बहुधा तेल मारते. तो दोन लाख फेऱ्यांनी फिरणारा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर पेट्रोल इंजिनातला नऊशे ते हजार अंशांचा वायू वाहत असतो. डिझेलचा वायू याहून दीडदोनशे अंशांनी थंड असतो, म्हणून 'डिझेलचे टर्बो तीन-तीन लाख किलोमीटर चालले, मग पेट्रोलचे का चालणार नाहीत' हा युक्तिवाद अर्धाच बरोबर आहे. टर्बोला तेल पुरवणारा पाइप बारीक असतो. तेल जुने झाले, किंवा तापलेले इंजिन एकदम बंद केले, की त्या पाइपमध्ये आणि बेअरिंगजवळ तेल जागच्या जागी जळून काजळीसारखे कडक होते. पाइपचे छिद्र दर वेळी थोडे थोडे बुजत जाते. गाडी चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही, आणि एक दिवस चढावर शिटीसारखा बारीक आवाज येतो. मग निळा धूर, मग ओढ नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी अशी एक गाडी माझ्याकडे आली. मालकाने चाळीस हजार किलोमीटरमध्ये दोनदाच तेल बदलले होते आणि मध्ये कमी झाले तेव्हा पंपावर मिळेल ते ओतले होते. मी टर्बो नवा बसवला, तेल बदलले, गाडी दिली. पाच महिन्यांत तीच गाडी, तोच आवाज. उघडून पाहिले तेव्हा नवा टर्बो कोरडा पडून गेलेला होता, कारण बुजत आलेला जुना तेलाचा पाइप मी बाहेरून पुसून पुन्हा लावला होता. चूक पूर्णपणे माझी होती आणि दुसऱ्या टर्बोचे पैसे मी दिले. टर्बो बदलण्याचा खर्च कुठल्याही गाडीत पाच आकडी असतो, तेव्हा तो धडा चांगला लक्षात राहिला. टर्बो बदलताना तेलाचा पाइप, त्याचे वॉशर आणि फिल्टर नवेच हवेत, आणि हे काम करणाऱ्याला आपण तसे स्पष्ट सांगावे.

तेल किती दिवसांनी बदलावे, हा पुढचा मुद्दा. पुस्तिकेत बहुधा दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असे लिहिलेले असते. आपली सहा किलोमीटरची फेरी गर्दीत अर्ध्या तासाची होत असेल. त्यात पाणी तापते आणि काटा मधोमध येतो, पण खालच्या टाकीतले तेल पाण्याच्या बरेच मागून तापते, आणि थंड इंजिनात न जळलेले थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून त्यात उतरत राहते. पुरेशा तापलेल्या तेलातून ते उडून जाते, अर्धवट तापलेल्यातून जात नाही. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत हे जास्त होते. तेल पातळ होते, आणि पातळ तेलावर त्या दांड्याने तरंगायचे असते. आपली महिन्याची चिपळूण फेरी इथे औषधासारखी आहे, कारण त्या चार-पाच तासांत तेल स्वच्छ होऊन जाते. तरीही टर्बो घेतलीत तर सहा-सात हजार किलोमीटरला किंवा आठ-नऊ महिन्यांनी तेल बदलावे, पुस्तिकेत लिहिलेल्याच जाडीचे घ्यावे आणि डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेची एसपी ही श्रेणी आहे का, हे पाहावे.

त्या श्रेणीचे कारण सांगतो, कारण गॅरेजमध्ये ते सहसा कोणी सांगत नाही. थेट फवारणीच्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर एकदम जोर मागितला, तर ठिणगी पडण्याआधीच तेलाचा एखादा थेंब पेट घेतो आणि सिलिंडरमध्ये हातोड्यासारखा दणका बसतो. असे वारंवार झाले तर पिस्टनचा कडा तुटू शकतो. तेलातल्या काही रसायनांमुळे हा धोका वाढतो असे लक्षात आल्यावर आधी २०१८ मध्ये एक सुधारित श्रेणी आली आणि मग २०२० मध्ये एसपी. चालकाने पाळायची गोष्ट एवढीच आहे, की पाचव्या गिअरमध्ये १४०० फेऱ्यांवर गाडी रांगत असताना ॲक्सिलरेटर तळाला दाबू नये. एक गिअर खाली यावे. 'टर्बो आहे, गिअर बदलायची गरज नाही' हे विक्रेत्याचे वाक्य दोन हजार फेऱ्यांच्या वर खरे आहे, खाली नाही.

थेट फवारणीचा आणखी एक परिणाम असा, की पेट्रोल हवेच्या झडपांवरून जात नाही, त्यामुळे त्या धुतल्या जात नाहीत आणि साठ-सत्तर हजारांनंतर त्यांवर काजळी साचू शकते. ती काढता येते, पण हेडजवळचे बरेच सामान उघडून. सगळी टर्बो इंजिने थेट फवारणीची नसतात. टाटा नेक्सॉनचे १.२ लिटरचे टर्बो इंजिन साध्या पद्धतीने, झडपेच्या मागे पेट्रोल सोडते. आपण पाहता आहात त्या गाडीत कोणती पद्धत आहे, हे विचारून घ्यावे. सीएनजीचा विचार पुढेमागे डोक्यात असेल तर साधे इंजिनच घ्यावे. कंपनीतून सीएनजी बसवलेली टर्बो गाडी आपल्याकडे २०२४ मध्ये नेक्सॉनच्या रूपाने आली, पण बाहेरून टर्बो इंजिनाला किट बसवून घेणे मी कोणालाही सुचवणार नाही.

तेलाखालोखाल महत्त्वाची सवय इंजिन बंद करण्याची आहे. घाट चढून माथ्यावर आले, चहाची टपरी दिसली, गाडी बाजूला घेतली आणि चावी फिरवली, असे आपण सगळेच करतो. त्या क्षणी टर्बो लालबुंद असतो आणि तेलाचा पंप थांबतो. नव्या बऱ्याच गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळवलेले असते आणि काहींत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा छोटा पंप ते फिरवत ठेवतो, त्यामुळे पूर्वीसारखे दोन-तीन मिनिटे थांबण्याची गरज नाही. अर्धा ते एक मिनिट मात्र थांबावे. पट्टे सोडा, काचा वर करा, एवढ्यात ते होते. घाटात सिग्नलवर आपोआप इंजिन बंद करणारी सोय बटण दाबून बंद ठेवावी. शहरातल्या रोजच्या फेरीनंतर थांबण्याचे काही कारण नाही. सकाळी गाडी सुरू करताच पहिले दोन किलोमीटर फेरे वाढवू नयेत, हे मात्र रोज पाळावे लागते.

एवढे पाळणाऱ्याच्या हातात टर्बो दीड लाख किलोमीटर सहज जातो. आपण बारा वर्षांत एक लाख आठ हजारांच्या आसपासच पोहोचणार आहात. म्हणून 'टर्बो लवकर जातो' याला माझे उत्तर असे, की गाडी एकाच्या हातात आणि तेलाची तारीख त्याच्या डोक्यात असेल तर नाही. पण आपल्या घरात गाडी दोघे चालवणार आहेत, आणि गाडी पाच-सहा वर्षांची झाल्यावर अधिकृत सर्व्हिसिंग सोडून कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे जाण्याचा मोह बहुतेकांना होतो. साधे इंजिन त्या काळात पुष्कळ अपराध पोटात घालते. तेल दोन हजार किलोमीटर उशिरा बदलले म्हणून त्याचे काही अडत नाही. टर्बोचे अडते.

गिअरबॉक्सचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण आपल्या बाबतीत निकाल तिथेच लागणार आहे. बाजारात इंजिन सुटे विकत मिळत नाही, ते ठरावीक गिअरबॉक्सबरोबरच येते. या किमतीतल्या साध्या इंजिनाबरोबर ऑटोमॅटिक हवे असेल, तर बहुधा हाताच्याच गिअरबॉक्सवर क्लच आणि गिअर बदलणारी यंत्रणा बसवलेली मिळते. तिचे ॲव्हरेज चांगले आणि खर्च कमी, पण प्रत्येक गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते. सपाटीवर माणूस त्याला सरावतो. भरल्या गाडीने घाटात, आधीच ओढ कमी असलेल्या इंजिनाबरोबर, ती तुटलेली ओढ फार जाणवते आणि वळणावर गाडी मागे सरकेल की काय, अशी धास्ती वाटते. टर्बोबरोबर अनेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ओढ पोहोचवणारा, ऑटोमॅटिक मिळतो. फ्राँक्समध्ये असेच आहे: साध्याला पाच गिअरची, वर आधी सांगितलेली यंत्रणा आणि टर्बोला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. टॉर्क कन्व्हर्टर टर्बोची सुरुवातीची रेंगाळणूक झाकून टाकतो, कारण तो घसरत असताना इंजिनाला फेरे वाढवायला अवकाश मिळतो. काही गाड्यांत टर्बोबरोबर दोन क्लचचा गिअरबॉक्स येतो. तो महामार्गावर सुरेख चालतो, पण कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, क्लचचा असेल तर रांगत्या गर्दीत तापतो. कर्वे रस्त्यासाठी मी तो निवडणार नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. हाताचे गिअर घेणार असाल तर १.२ लिटरचे साधे इंजिन घ्यावे. वर्षातल्या ५६० छोट्या फेऱ्यांना ते अधिक मानवेल, वडिलांना सोपे जाईल, आणि घाटातली वर्षाची काही तासांची कुरकुर दुसऱ्या गिअरमध्ये न घाबरता चढवून निभावता येईल. वाचलेल्या लाखातून चांगले टायर आणि वाढीव वॉरंटी घेऊनही पैसे उरतील. ऑटोमॅटिक घ्यायचे ठरले, तर टॉर्क कन्व्हर्टरसह टर्बो घ्यावे, लाख रुपये जास्त मोजावेत आणि तेलाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. साधे इंजिन आणि स्वस्त ऑटोमॅटिक ही जोडी आपल्या घाटासाठी आणि चार माणसांच्या वजनासाठी मला पटत नाही, जरी ती किमतीत सर्वांत आकर्षक दिसत असली तरी. थोडक्यात, आधी वडिलांना विचारावे, की क्लच दाबताना डावा गुडघा दुखतो का. इंजिनाचा प्रश्न त्या उत्तराच्या मागून सुटेल.

आणि चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा शोरूमभोवतीची ठरलेली चक्कर मारून परत येऊ नये. घरचे चौघे बसवावेत, एसी चालू ठेवावा आणि गाडी कात्रजच्या जुन्या घाटात न्यावी. अर्ध्या चढावर पूर्ण थांबून पुन्हा निघावे. मग तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसला असताना ॲक्सिलरेटर हळूहळू दाबून पाहावा. हेच दुसऱ्या इंजिनाच्या गाडीत त्याच दिवशी करावे, आणि परत येताना दोन्ही वेळा गाडी वडिलांच्या हातात द्यावी.